चिकपेटेत पास झालेली पिशवी

अक्कांनी माझे फोटो पाहायच्या आधी माझी पिशवी पाहिली, आणि ती पाहूनच मला परत पाठवलं.

मी तेव्हा मारतहळ्ळीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि शनिवार-रविवार स्वतःचे फोटो बघून खूश व्हायचं, असा माझा आठवडा होता. नाशिकहून बेंगळुरात येऊन तीन वर्षं झाली होती, हाताशी बरा कॅमेरा होता, चार लेन्स होत्या, आणि आपला जन्म ऑफिसातल्या वाढदिवसांचे फोटो काढण्यासाठी झालेला नाही याची मला पक्की खात्री होती. अशात एका मैत्रिणीच्या लग्नात अक्कांना पाहिलं. खरं तर पाहिलंच नाही. पंचावन्नच्या पुढची, ठेंगणी, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेली कोणी बाई मांडवात आहे, एवढंच जाणवलं होतं. महिन्याभराने तिने काढलेल्या फोटोंचा अल्बम आला. अंतरपाट खाली आला त्या क्षणी मैत्रिणीच्या चेहऱ्यावर जे होतं, ते दहा फुटांवर उभी असूनही मला दिसलं नव्हतं. ते त्या फोटोत होतं. मी मैत्रिणीकडून पत्ता घेतला आणि पुढच्याच शनिवारी जाऊन धडकले.

चिकपेटेत एका साड्यांच्या ठोक दुकानावर, अरुंद जिन्याने वर गेलं की अक्कांचा स्टुडिओ. बाहेर पाटी नव्हती. ज्याला गरज आहे तो विचारत येतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि लोक येतही होते. त्यांचं घराणं बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. कधीपासून, हे त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. ‘घोड्यावरून आलो आणि परत जायचं राहून गेलं,’ एवढंच त्या सांगायच्या. घरात मराठी, जिन्यात कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही एकदम.

मी लॅपटॉप उघडायला लागले तशी त्यांनी तो हातानेच मिटवला.

‘फोटो नंतर. पिशवी दाखव.’

मी पाठीवरची सॅक उतरवून मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवली. नवीकोरी होती. सात लेन्स बसतील एवढी, वर पावसाचं कव्हर, बाटलीची जाळी, ट्रायपॉडचे पट्टे. अक्कांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, एक पट्टा दोन बोटांत उचलला आणि सोडून दिला.

‘ट्रेकला निघालीस की लग्नाला गं?’

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

‘पाठीवर डोळे आहेत काय तुला? नाहीत की नाही? मग एवढं सामान पाठीवर घेऊन वळलीस की मागच्या आजीचं काय झालं ते तुला कसं कळणार? जा. लहान पिशवी घेऊन ये, मग बोलू.’

आता मी काही गरीब गाय नव्हे. ऑफिसात माझ्याशी वाद घालायला माणसं दोनदा विचार करायची. पण त्या जिन्यावरून मी मुकाट खाली उतरले. रागाने कान तापले होते, आणि त्या रागाच्या तळाशी मला हेही कळत होतं की या बाई बरोबर बोलल्या. पुढच्या शनिवारी लहान बॅग घेऊन परत चढले, आणि त्यांनी मला हाताखाली ठेवून घेतलं.

अक्कांची स्वतःची पिशवी खाकी कॅनव्हासची होती. प्रवासात नेतात त्या चार पुडांच्या डब्याला आडवं केलं तर जेवढी जागा लागेल तेवढी. ती कायम डाव्या कुशीला, बरगडी आणि कमरेच्या मधे, अंगाला चिकटून असायची. तीत चार कप्पे होते. कप्प्याला त्या घर म्हणायच्या. त्यांच्याकडे लेन्स तीन: पस्तीस मिलिमीटरची, पंच्याऐंशीची आणि एकशेपस्तीसची. एक कॅमेऱ्यावर, दोन पिशवीत. म्हणजे चार घरांपैकी लेन्सची दोनच. तिसरं घर नेहमी रिकामं.

‘हे वाया नाही काय जात?’ मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

‘अय्यो. कॅमेऱ्यावरची लेन्स काढली की ठेवशील कुठं? दातात धरशील? एक घर रिकामं नसलं तर आलेल्या पाहुण्याला बसवायचं कुठं गं?’

त्या पिशवीचे कायदे मी पुढे पाठ केले. वेल्क्रो नको, कारण मंगळसूत्र बांधताना ‘चर्र’ वाजलं की ते व्हिडिओत कायमचं राहतं. चेन नको, कारण तिला दोन हात लागतात आणि दुसऱ्या हातात कॅमेरा असतो. झाकण बाहेरच्या बाजूला उघडायचं नाही, पोटाकडे उघडायचं. हा कायदा मला अगदी तऱ्हेवाईक वाटला होता. पहिल्याच लग्नात माझ्या लेन्सच्या कड्यात हळद लावलेला तांदूळ अडकला आणि फोकस फिरेना, तेव्हा त्याचा अर्थ कळला. आपल्याकडे लोक अक्षता टाकतात. इथे झोडपतात. अक्कांच्या झाकणाच्या कडेत त्यांनी पडद्याला लावतात ती शिशाची वजनं शिवून घेतली होती. हात बाहेर काढला की झाकण आपोआप, आवाज न करता मिटायचं.

आणि चौथ्या घरात एक स्टीलची डबी असायची. त्या डबीत जिरं-गूळ.

इथल्या लग्नांत अंतरपाट दूर झाला की वधूवर एकमेकांच्या डोक्यावर विड्याच्या पानातून जिरं-गूळ ठेवतात. मुहूर्त म्हणजे तोच क्षण. पण ते यजमानांनी आणायचं, भटजींनी सांगायचं. फोटोवालीने आपल्या पिशवीत ते कशाला बाळगावं? अक्का लग्नाच्या दिवशी पहाटे अंघोळ करून, पाट्यावर जिरं जाडसर वाटून, गुळात कालवून डबी भरायच्या. दरवेळी नवं. न वापरलेलं संध्याकाळी घरी सगळ्यांच्या हातावर. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, मला पहिल्याच भेटीत हळूच सांगितलं होतं, ‘पिशवी बघू नको गं बाई, आमचा संसार बघ. वर्षातले पन्नास दिवस जिरं-गूळ खातोय मी.’

मला मात्र ते चौथं घर बघितलं की चुटपुट लागायची. माझ्याही तीन लेन्स त्यांच्यासारख्याच होत्या, चौथी मॅक्रो, अगदी जवळचं बारीकसारीक टिपणारी. मेंदीची नक्षी, अंगठी, मंगळसूत्राचे मणी. काय सुंदर येतं त्यात! त्या घरात ती अगदी बरोबर बसली असती.

अक्कांचा एक नेम होता. इथे मांडव म्हणजे तीन पायऱ्या चढून जायचा चौथरा; हाताखालच्या माणसाने आधी त्याच्या खाली उभं राहायचं. पाहुणे, पंगत, वाजंत्री, चपलांचे ढीग, सगळं काढायचं. मांडवाच्या तीन पायऱ्या चढायच्या नाहीत. त्या चढायच्या असतील तर पिशवी चिकपेटेत पास व्हायला हवी.

ही परीक्षा त्यांनी स्वतः काढलेली. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, चिकपेटेत साड्यांसाठी बायकांचा पूर लोटलेला असतो तेव्हा, पिशवी लावून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. वाटेत तीन वेळा लेन्स बदलायची. मागून काका मोजत येणार, पिशवीचा धक्का किती जणांना लागला. चार धक्क्यांपर्यंत पास. ‘पाचवा लागला की साकु,’ अक्का म्हणायच्या. साकु म्हणजे पुरे, घरी जा.

काका बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सज्जन माणूस. पण मोजायला लागले की बँक त्यांच्या अंगात यायची. पहिल्या परीक्षेला मी सॅक सोडून एक तिरपी, एका पट्ट्याची बॅग घेतली होती. पुण्यामुंबईचे फोटोवाले वापरतात तशी, देखणी, काळी, पाठीवरून सर्रकन पोटाशी फिरणारी. निघाले. मागून काकांचा आवाज येऊ लागला. ‘ओंदु.’ जरा पुढे, ‘एरडु.’ फॉलच्या दुकानाशी वळले तर ‘मूरु, नाल्कु, ऐदु’, तीन, चार, पाच एका दमात. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. एकाने मला खुर्ची देऊ केली. गल्लीच्या शेवटी काकांनी घाम पुसला आणि अपराधी चेहऱ्याने सांगितलं, ‘तेवीस. दोन मी सोडून दिलेत.’

अक्का टोकाला उसाचा रस पीत उभ्या होत्या. ‘फिरणारी पिशवी,’ त्या म्हणाल्या. ‘तू थांबलीस तरी ती फिरते. नको.’

असं माझं हसं वर्षभर चालू राहिलं. वर्षभर मी मांडवाखाली. शनिवारी-रविवारी कुठल्या ना कुठल्या कल्याणमंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात, चपलांचे फोटो काढताना मला त्या तीन पायऱ्या दिसायच्या आणि जीव तुटायचा. मला अंतरपाटाचा तो एक क्षण हवा होता. बाकी सगळ्यासाठी मी नुसती थांबले होते.

मग देवनहळ्ळीचं लग्न आलं, आणि मी माझ्या पायांनी खड्ड्यात गेले.

किल्ल्याच्या जवळचं साधं कल्याणमंटप. मुलीकडचे शेतकरी, माणसं उदंड, मांडव लहान. अक्का उजव्या बाजूला होत्या. डाव्या बाजूने मुलीचा चेहरा अधिक चांगला दिसेल असं मला खालून दिसत होतं, आणि ते खरंही होतं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं शेवटाला आलेली. मी मनाशी म्हटलं, कोण बघतंय! आणि चढले तीन पायऱ्या. कुणालाही न विचारता. गुडघ्यावर बसले, पस्तीस काढून पंच्याऐंशी लावायला वळले, आणि माझी ती देखणी बॅग पाठीवरून सर्रकन फिरली. मागे मुलीची मावशी ताट घेऊन उभी होती. ताटात विड्याची पानं आणि जिरं-गूळ.

लग्नात भांडं पडल्याचा आवाज कसा येतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे. ताट फरशीवर गोल गोल फिरलं. जिरं-गूळ पायांत गेलं. मावशीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. भटजी श्लोकाच्या मध्यात थबकले. मुहूर्ताला मिनिट उरलेलं.

अक्कांनी डोळ्यावरचा कॅमेरा खाली घेतला नाही. फक्त उजव्या हाताचं बोट हवेत गरकन फिरवलं. वाजंत्रीवाले त्यांना ओळखत होते. त्यांनी जोराचं वाजप सुरू केलं आणि ताटाचा आवाज, बायकांची कुजबुज, माझं ‘सॉरी सॉरी’, सगळं त्यात बुडून गेलं. तेवढ्यात अक्कांचा डावा हात पिशवीत गेला आणि डबी घेऊन बाहेर आला. बघायची गरजच नव्हती, त्या हाताला चारही घरं पाठ होती. मावशींच्या तळहातावर डबी आली. भटजींनी अक्कांकडे पाहिलं. अक्का कॅमेऱ्यामागूनच म्हणाल्या, ‘आजचंच आहे. अंघोळ करून केलंय.’ पानं तशी कुणाच्या तरी तबकात होतीच. अंतरपाट खाली आला. जिरं-गूळ डोक्यावर पडलं. खाली बसलेल्या माणसांना काही घडलं हेही कळलं नाही.

परतीच्या गाडीत अक्का कॅमेऱ्यावर दिवसभराचे फोटो बघत राहिल्या. शहराच्या वेशीवरच्या हेब्बाळच्या पुलापर्यंत फक्त फोटो. मी मनातल्या मनात त्यांच्या शिव्यांची वाट बघत होते, कारण शिव्या बऱ्या असतात. शेवटी त्यांनी विचारलं, ‘तुझ्या बॅगेत चौथ्या घरात काय होतं?’

‘मॅक्रो.’

‘सरी, बरं. त्या मॅक्रोनं आज काय केलं असतं?’

मी रडले. गाडी चालवणाऱ्या काकांनी आरशातून पाहिलं आणि पुढे बघायला लागले. अक्कांनी डबीतलं उरलेलं जिरं-गूळ माझ्या हातावर ठेवलं. ‘खा,’ म्हणाल्या. ‘आपण तिथं फोटो काढायला जातो होय गं? लग्न लावायला जातो. फोटो मागाहून येतो.’

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि पिशवी शोधायला निघाले. दिवसभरात सहा दुकानं झाली. प्रत्येक दुकानात मी माझ्या तीन लेन्स काउंटरवर मांडायचे आणि सांगायचे, या बसतील अशी सगळ्यात लहान दाखवा. दुकानदार मोठ्या दाखवायचे. ‘मॅडम, पुढे अजून लेन्स घ्याल,’ असं एकजण म्हणाला. मी म्हटलं, ‘घेईन, पण नेणार तीनच.’ सहाव्या दुकानात तळाच्या फळीवर धूळ खात एक राखाडी पिशवी होती. एक कॅमेरा आणि एक लेन्स यांच्यासाठी केलेली. मी ती कुशीला लावली आणि दुकानाच्या दारातून आत-बाहेर चार वेळा गेले. कडीला अडकली नाही. लहान आहे, तीन लेन्स बसणार नाहीत, असं तो परोपरीने सांगत होता. मी म्हटलं, कॅमेरा माझ्या हातात असणार, पिशवीत कशाला बसवू?

मधलं जाड पॅडिंग काढलं आणि पातळ फोमची चार घरं केली. लेन्स आडव्या न ठेवता उभ्या, मागचं तोंड वर, म्हणजे हात घातला की उचलून थेट लावता यावी. चिकपेटेतल्या एका शिंप्याकडून झाकण उलटं शिवून घेतलं, पोटाकडे उघडणारं. तो म्हणाला, ‘अक्का, उलटं होतंय हे.’ मला कुणी अक्का म्हणण्याची ती पहिली वेळ. पडद्याची वजनं शेजारच्या दुकानात मिळाली. मॅक्रो मी कपाटात ठेवून दिली, आणि अंगठ्यांचे फोटो जेवणानंतर निवांत काढायचे असतात हे मला तेव्हा कुठे सुचलं.

पुढची वरमहालक्ष्मी आली. गर्दी आदल्या वर्षीपेक्षा जास्त होती, किंवा मला तशी वाटली. मी डावा कोपर पिशवीवर ठेवून निघाले. मागून काका. ‘ओंदु’ झालं ते अर्ध्या गल्लीत. मग दोन हमाल गठ्ठे घेऊन आले, ‘एरडु, मूरु.’ तिसऱ्यांदा लेन्स बदलताना ‘नाल्कु’. शेवटची वीस पावलं उरली असताना एक गृहस्थ फोनवर बोलत बोलत सरळ माझ्या कुशीवर येऊन आदळले.

मागून ‘ऐदु’ आलं नाही.

‘पाच झाले की,’ टोकाला उभ्या अक्का म्हणाल्या. त्यांना लांबूनही दिसलं होतं.

‘चार,’ काका म्हणाले. ‘पाचवा धक्का त्यानं दिला. तिनं नाही दिला.’

‘पिशवीला लागला ना?’

‘पिशवीला लागला. पिशवीचा नाही लागला.’

नवरा-बायकोचं भर चिकपेटेत यावरून दहा मिनिटं कन्नडमधून जुंपलं. अखेर अक्कांनी त्या फोनवाल्या गृहस्थांनाच गाठलं आणि विचारलं, ‘सर, ही मुलगी तुम्हाला लागली की तुम्ही हिला?’ त्या भल्या माणसाने घाबरून माफी मागितली. अक्का माझ्याकडे वळल्या, झाकण उघडून चारही घरांत बोटं फिरवली, झाकण सोडून दिलं. ते आवाज न करता मिटलं.

‘सरी,’ त्या म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे, चालेल.

अक्कांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलं नाही. ऑफिसात त्या वर्षी मला बढतीही मिळाली होती. आईला फोन करून मी आधी चिकपेटेचं सांगितलं.

दोन कॅमेरे लटकवून येणाऱ्या फोटोवाल्यांबद्दल अक्कांचं मत मी इथे सौम्य करून लिहिते: ‘मांडवात वाणी तराजू घेऊन आल्यासारखं दिसतंय.’ अंतरपाटाच्या वेळी ‘इकडे बघा’ म्हणणाऱ्याला तर त्यांच्या लेखी क्षमाच नव्हती. त्या क्षणी कुणी कॅमेऱ्याकडे बघायचं नसतं. ज्याला त्या क्षणी कॅमेरा दिसतो, त्याला लग्न दिसत नाही.

हे त्यांचं वाक्य त्यांच्यावरच उलटलं ते लेकीच्या लग्नात.

लेक एकुलती एक. मुलगा म्हैसूरचा, कन्नड घरचा. तारीख ठरली आणि अक्कांनी फोटोसाठी माणसं बघायला सुरुवात केली. चांगली चांगली नावाजलेली माणसं तो जिना चढून वर आली, पिशव्या दाखवून खाली उतरली. एकाच्या पिशवीला वेल्क्रो. एकाच्या पिशवीत रिकामं घर नाही. एक तर चाकांची बॅग घेऊन आला. त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. मी हे सगळं बघत होते. मला वाटत होतं त्या स्वतःच फोटो काढणार. वधूची आई कॅमेरा घेऊन मांडवात, हे अक्कांना अशक्य नव्हतं.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. सांबाराची डाळ घोटत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘एवढी लग्नं लावली गं मी. अंतरपाट खाली येताना एकदासुद्धा डोळ्यानं बघितला नाही. काचेतूनच बघितला. एक डोळा मिटून.’

मी पातेलं दोन्ही हातांनी धरलं.

‘माझ्या पोरीचा मला बघायचाय. दोन्ही डोळ्यांनी.’ रवी थांबली. ‘पण फोटो चुकेल असं मनात आलं, तर मला पोरगी दिसणारच नाही. तुला कळतंय काय मी काय म्हणते ते?’

‘कळतंय, अक्का.’

‘मग पिशवी आण. परत बघते.’

लग्नाच्या दिवशी पहाटे मी मारतहळ्ळीच्या माझ्या फ्लॅटमध्ये अंघोळ करून जिरं वाटायला बसले. पाटा नव्हता, खलबत्ता होता. कार्यालयात पोचले तेव्हा अक्का रेशमी साडीत, केसांत मोगरा माळून बसल्या होत्या, आणि डाव्या कुशीला खाकी पिशवी. काका त्यांच्यापुढे हात जोडून उभे होते. ‘अगं, काढ की ती आता. लोक काय म्हणतील?’ अक्का ऐकत नव्हत्या. मला पाहून त्यांनी पिशवीतून डबी काढली आणि माझ्यापुढे धरली.

‘हे घे. चौथ्या घरात.’

मी माझं झाकण उघडलं. चौथ्या घरात माझी डबी होती. अक्कांनी ती काढली, उघडली, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं.

‘जिरं जाड झालंय,’ त्या म्हणाल्या आणि डबी होती तिथे परत ठेवली. मग खाकी पिशवी खांद्यावरून काढून काकांच्या हातात दिली. कुठल्याही लग्नात त्या पिशवीशिवाय मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. डावा हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

मुहूर्ताला मी तीन पायऱ्या चढून डाव्या बाजूला गुडघ्यावर बसले. मंगलाष्टकं शेवटाला आली. पस्तीस काढली, रिकाम्या घरात ठेवली, पंच्याऐंशी लावली, हात बाहेर घेतला. अंतरपाट खाली यायला लागला. वाजप उसळलं, अक्षतांचा मारा सुरू झाला, माझ्या मानेवर, बोटांवर, पिशवीवर टपटप तांदूळ पडत होते. मी शटर दाबत गेले.

त्या रात्री नाही, दोन दिवसांनी शांतपणे मी ते फोटो उघडले. पहिल्या फ्रेममध्ये अंतरपाट अर्धा खाली आलाय. वधूवर एकमेकांकडे बघतायत, काका लेकीकडे बघतायत, भटजी पानांकडे. सगळा मांडव त्या दोघांकडे बघतोय. फक्त वधूची आई भलतीकडेच बघतेय. कॅमेऱ्याकडेही नाही, जरा खाली, माझ्या कुशीकडे.

दुसऱ्या फ्रेममध्ये, म्हणजे निमिषभराने, अक्का लेकीकडे बघतायत. दोन्ही डोळे टक्क उघडे, दोन्ही वाहतायत, आणि डावा हात पहिल्यांदाच मोकळा होऊन काकांच्या दंडावर गेलाय. इतका चांगला फोटो मी त्याआधी काढला नव्हता, आणि त्यानंतरही काढलाय असं नाही.

त्या लग्नानंतर अक्कांनी काम थांबवलं. खांदा दुखत होताच. आता त्या बहुतेक म्हैसूरला लेकीकडे असतात, आणि फोनवर आधी विचारतात, चौथ्या घरात काय आहे. दुसरी फ्रेम त्यांच्या पलंगाशेजारी आहे. पहिली पुसून टाक म्हणून त्या माझ्या मागे लागल्या होत्या. ‘कसली गं आई मी, पोरीच्या लग्नात पिशवी बघतेय!’ मी ऐकलं नाही. अक्कांशी घातलेल्या वादांत मी जिंकलेला हा एकच.

नोकरी सोडून मी आता हेच काम करते. पहिली फ्रेम माझ्या स्टुडिओच्या भिंतीवर आहे, दारातून आलं की समोर. लोक ती निरखतात आणि हमखास विचारतात, या बाई नक्की कशाकडे बघतायत? मी सांगते, माझ्या पिशवीचं झाकण मिटलंय का ते बघतायत.

मिटलेलं होतं.